नाव यादीत दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही: मराठी डेटातला सारखा परत येणारा घोळ

लक्षण असं. यादी खाली सरकवत नेली की ‘गोऱ्हे’ समोर दिसतंय. तेच नाव वरच्या शोधपट्टीत टाइप केलं की उत्तर येतं, ‘नोंद सापडली नाही’. समोरचा माणूस वैतागून नवीन नोंद करतो आणि ती बिनबोभाट होते, कारण ॲपच्या मते हे नाव आधी नव्हतंच. पुढच्या वर्षी एकाच खोलीत दोन गोऱ्हे, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. तुम्ही हाताने साफसफाई करता, काही महिने बरे जातात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळाच्या वर्गणीच्या ॲपमध्ये व्हायचं. दिवसा मी अंधेरीला बॅकएंडचं काम करते. हे ॲप म्हणजे शनिवार-रविवारचा उद्योग. पायथन, एस्क्यूलाइट आणि फोनवर उघडणारं एक साधं वेबपान, बस्स. पण दुखणं ॲपच्या आकाराशी बांधलेलं नाही. मराठी नावं, पत्ते, पुस्तकांची शीर्षकं, शाळेचा पट, काहीही साठवत असाल तर हे तुमच्याकडेही आहे. कळलं नसेल तर ते एवढ्यासाठीच, की न सापडलेल्या नोंदी कोणी मोजत नाही.

आमच्याकडे मात्र लगेच कळतं. खजिनदार काका संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. एका मांडीवर फोन आणि दुसऱ्या मांडीवर छापील पावतीपुस्तक, कारण ॲपवर अजून त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही. तिथून हाक येते, “अगं, माणूस माझ्यासमोर उभा आहे आणि तुझं ॲप म्हणतंय असा माणूसच नाही!” याहून नेमका बग रिपोर्ट मला ऑफिसात कधी मिळालेला नाही.

आधी अक्षरं मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. स्क्रीनवर दोन नावं सारखी दिसतात, कारण फॉन्टने त्यांचं चित्र सारखं काढलेलं असतं. डेटाबेस चित्र बघत नाही, त्यामागचे कोडपॉइंट बघतो, म्हणजे युनिकोड या लिप्यांच्या मानकाने प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला दिलेले क्रमांक.

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे लांबी. एस्क्यूलाइटचं लेंग्थ फंक्शन मजकुरातले बाइट नाही, कोडपॉइंट मोजतं. सारख्या दिसणाऱ्या नावांवर ते चालवा. आमच्या यादीतल्या तीन गोऱ्ह्यांची लांबी आली ६, ७ आणि ७. पहिल्यात ग, ओकाराची मात्रा, ऱ, हलन्त, ह, एकाराची मात्रा. दुसऱ्यात ऱ नाहीच. तिथे साधा र आहे, त्याच्यामागे हलन्त आणि हलन्तानंतर एक अदृश्य कोडपॉइंट, २००डी, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर (झेडडब्ल्यूजे). तिसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिन्ही डोळ्यांना ‘गोऱ्हे’च. आणि ते दोन सात एकमेकांशीही जुळत नाहीत.

लांबी सारखी येऊनही जुळत नसेल तर हेक्स फंक्शनने बाइट बघा. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ दोन्ही चारच कोडपॉइंटचे. एकात खरा विसर्ग आहे आणि दुसऱ्यात कीबोर्डवरचा कोलन. खोली क्रमांकातला देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच हाही तसलाच प्रकार. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतं, त्यामुळे हेक्सचे सहा-सहा आकडे तोडत गेलं की अक्षरं सुटी होतात. पायथन हाताशी असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम फंक्शन जास्त सोयीचं, ते प्रत्येक कोडपॉइंटचं पूर्ण नावच सांगतं.

मी याचं एक छोटं पान करून ठेवलंय: मजकूर पेस्ट करा, खाली एकेक कोडपॉइंट सुटं होऊन नावासकट दिसतं. चर्नी रोडहून अंधेरीपर्यंत उभ्याने जाताना लॅपटॉप काढायचा प्रश्नच येत नाही, पण एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने हे पान बघता येतं. काकांनी स्क्रीनशॉट पाठवला तर मात्र उपयोग शून्य. मजकूर कॉपी करून पाठवायला सांगा. चित्रात आजार दिसत नाही.

एवढं केल्यावर साधारण कुठे बोट ठेवायचं ते कळतं. मराठीत वारंवार छळणारे प्रकार मोजकेच आहेत.

ऱ, म्हणजे सगळ्यात जुना गुन्हेगार

कऱ्हाडे, कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, वऱ्हाडकर. या सगळ्यांत येणारा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. अधिकृत वाट ऱ आणि त्यानंतर हलन्त. जुनी वाट साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे. जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून मानकाने तीही चालू ठेवली आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ शिफ्ट धरून जे दाबलं की मिळतो, पण ते माहीत असलेला माणूस विरळा. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या याद्या कन्व्हर्टरमधून काढल्या की त्यात झेडडब्ल्यूजेवाला र सर्रास भेटतो. मंडळाच्या जुन्या याद्या अशाच फॉन्टमध्ये होत्या, नव्या नोंदी फोनवरून झाल्या. म्हणजे भांडण लागणारच.

नुक्तावाली तिसरी जात त्यामानाने गरीब. र आणि नुक्ता ही जोडी ऱ शी अधिकृतपणे समतुल्य मानली जाते, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणारी युनिकोडची प्रक्रिया, लावली की ती ऱ होऊन जाते.

इथेच बहुतेक जण फसतात. कुठेही विचारा, उत्तर येतं, ‘एनएफसी लाव, काम होईल’. एनएफसी लावा, लावायलाच हवं, पण काम होत नाही. र-हलन्त-झेडडब्ल्यूजे आणि ऱ-हलन्त यांना युनिकोड समतुल्य मानत नाही. त्याचा आणखी कडक प्रकार, एनएफकेसी, लावला तरी झेडडब्ल्यूजे जागचा हलत नाही.

मग दुसरा सल्ला येतो: अदृश्य कोडपॉइंट सरसकट उडवून टाक. हे करू नका. झेडडब्ल्यूजे नुसता उडवला की आडवा र जाऊन रफार येतो. ‘दर्‍या’तून तो काढला की उरतो ‘दर्या’. डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसेल तिथे ऱ-हलन्त करा, आणि मगच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे (झीरो विड्थ नॉन-जॉइनर) काढा. हा भाऊ जुन्या मजकुरात ‘श्रीमान्’सारख्या पाय मोडलेल्या शब्दांच्या शेवटी लपलेला असतो.

ॲ, अँ आणि अँटॉप हिल

वर्गणीदारांच्या पत्त्यात ‘अँटॉप हिल’ आलं आणि माझी खरी परीक्षा झाली. चाळ सोडून तिकडे राहायला गेलेली काही घरं अजून वर्गणी देतात. त्यांचा पत्ता चार प्रकारे आलेला होता: अ वर चंद्रबिंदू; ॲ वर अनुस्वार; अ, मग सुटा अर्धचंद्र, मग अनुस्वार; आणि कोणीतरी ए वर अर्धचंद्र देऊन केलेला ऍ, त्यावर अनुस्वार. शेवटचा प्रकार निदान डोळ्यांना वेगळा दिसतो. पहिले तीन फोनच्या छोट्या अक्षरांत एकमेकांपासून ओळखून दाखवा.

कारण सरळ आहे. ॲ हे स्वतंत्र कोडपॉइंट, ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधी मराठी लिहिणारे अ वर अर्धचंद्र चढवायचे नाहीतर ऍ वर भागवायचे. मानकातल्या तक्त्यात आता स्पष्ट लिहिलं आहे की ॲ साठी अ आणि अर्धचंद्राची जोडी वापरू नका, ऑ साठी अ आणि ॉ ची जोडी वापरू नका. पण तक्ता हा तक्ता. नॉर्मलायझेशन या जोड्यांना हात लावत नाही आणि पुढेही लावणार नाही, कारण एकदा आलेल्या अक्षरांचं नॉर्मलायझेशन युनिकोड मागाहून बदलत नाही.

चंद्रबिंदूचंही तेच. ‘बँक’ तीन कोडपॉइंटची, ‘बॅंक’ चार. पहिलीत ब वर चंद्रबिंदू, दुसरीत ब वर अर्धचंद्र आणि मग अनुस्वार. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्हीचं चित्र एकच. मुंबईच्या पत्त्यांत हे पावलोपावली आहे: बँडस्टँड, सँडहर्स्ट रोड, बँक कॉलनी. एकाच शब्दात दोन ठिकाणी अशी निवड असली की एका ‘बँडस्टँड’चे चार अवतार होतात.

यावर मी एकच दिशा ठरवली. शोधासाठीच्या मजकुरात प्रत्येक चंद्रबिंदू फोडून अर्धचंद्र आणि अनुस्वार करायचा. आणि त्यानंतरच अ-अर्धचंद्राचा ॲ, ऍ चाही ॲ, आ-अर्धचंद्र किंवा अ-ॉ चा ऑ, आणि काना-अर्धचंद्राचा ॉ करायचा. हा क्रम उलटा केला तर ‘अँटॉप’ फुटून अ-अर्धचंद्र-अनुस्वार होतो आणि तसाच लोंबकळत राहतो, कारण त्याला ॲ करणारी पायरी आधीच होऊन गेलेली असते. ज्यात अनुस्वार आधी आणि अर्धचंद्र नंतर टाइप झालाय तेही या वेळी सरळ करून घ्या. नॉर्मलायझेशन त्यांचा क्रम बदलत नाही.

‘चाँद’सारख्या हिंदी वळणाच्या नावांचं यात विचित्र काहीतरी होतं. होऊ द्या. तो मजकूर कोणाला दाखवायचाच नाही, फक्त जुळवायला वापरायचा आहे.

उपाय: मूळ नाव तसंच, शोधाची किल्ली वेगळी

माणसाने जसं नाव दिलं तसं ठेवा. पावतीवर तेच छापा. कोणाचं नाव ‘सुधारून’ छापलेलं लोकांना आवडत नाही, आणि योग्यच आहे. त्याशेजारी दुसरा कॉलम ठेवा, मी त्याला किल्ली म्हणते. किल्ली एका फंक्शनमधून बनते आणि त्यातला क्रम असा: एनएफसी, मग ऱ ची दुरुस्ती, मग अदृश्य कोडपॉइंट काढणं, मग चंद्रबिंदू फोडणं आणि ॲ-ऑ एकत्र करणं, मग दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये अडकलेल्या कोलनचा विसर्ग, मग आकडे एका लिपीत, आणि शेवटी मोकळ्या जागा. वेबपानावरून पेस्ट केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, ती साध्या स्पेससारखीच दिसते, तिचीही साधी स्पेस करा.

आकड्यांबद्दल एक गंमत. पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी ‘४२’ दिलं तर ते मुकाट ४२ देतं. जावास्क्रिप्टचं नंबर त्याच मजकुराला ‘हा आकडा नाही’ म्हणतं. म्हणजे सर्व्हरवर चाचणी पास आणि फोनवर खोली क्रमांक गायब.

शोधपट्टीत आलेला मजकूर त्याच फंक्शनमधून जायला हवा. नुसता डेटा धुऊन काढला आणि प्रश्न तसाच कच्चा पाठवला, तर काल सापडणारी नावंही आज सापडेनाशी होतात. फंक्शन एकच ठेवा, एकाच फाइलमध्ये. फ्रंटएंडला जावास्क्रिप्टमध्ये एक आणि बॅकएंडला पायथनमध्ये दुसरं असं केलंत की काही दिवसांत दोघांची तोंडं दोन दिशांना. माझ्याकडे फ्रंटएंड कच्चा मजकूर पाठवतो, किल्ली सर्व्हरच बनवतो.

पोस्टग्रेस वापरत असाल तर १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ फंक्शन डेटाबेसमध्येच आहे, पण वर म्हटल्याप्रमाणे त्याने पहिलीच पायरी भागते. बाकीच्या पायऱ्या स्वतःच लिहाव्या लागतात.

मायएस्क्यूएलवाल्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘यूटीएफ-८ सोड, एमबी४ घे’ (तिथला जुना यूटीएफ-८ प्रकार एका कोडपॉइंटला तीनच बाइट देतो, एमबी४ चार). घ्या जरूर, इमोजी नाहीतर मोडतात. पण या दुखण्याशी त्याचा संबंध नाही; देवनागरी तीन बाइटमध्ये मावते, जुन्या प्रकारातही ती नीट राहते.

परत परत का येतं

कारण डेटा एका दाराने येत नाही. फॉर्ममध्ये तुम्ही नॉर्मलायझेशन घातलं, पण यादी सीएसव्हीतून आली. सीएसव्हीची वाट बंद केली, तर कोणीतरी थेट डेटाबेस ब्राउझर उघडून नाव दुरुस्त केलं. नवा स्वयंसेवक आला, त्याचा कीबोर्ड वेगळा. म्हणून किल्ली फॉर्ममध्ये बनवू नका, नोंद साठवणाऱ्या शेवटच्या फंक्शनमध्ये बनवा, आणि बाकी सगळी दारं त्याच फंक्शनकडे वळवा.

किल्लीबरोबर तिचा आवृत्ती क्रमांकही साठवा. नियमांत एक ओळ वाढवली की जुन्या किल्ल्या शिळ्या होतात. ॲप सुरू होताना जुना क्रमांक दिसला तर सगळा कॉलम पुन्हा बनवायचा. चाळीची यादी असो की हजारो सभासदांची, एवढ्या डेटाला हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. हे न केल्यामुळेच ‘दुरुस्त केलेला’ घोळ परत आलेला मी सर्वांत जास्त वेळा पाहिलाय. नियम नवे, किल्ल्या जुन्या.

सीएसव्हीचं एक वेगळंच खोडकर प्रकरण आहे. बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण, नसलेली यूटीएफ-८ फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी परकी चिन्हं दिसू शकतात, म्हणून आपण फाइलच्या सुरुवातीला बीओएम घालतो. तीच फाइल परत आत घेताना तो बीओएम पहिल्या कॉलमच्या शीर्षकाला चिकटतो आणि प्रोग्राम म्हणतो, ‘नाव’ नावाचा कॉलमच नाही. पायथनमध्ये फाइल वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, प्रश्न मिटला.

आता उलटा आजार: काळे शोधला, कोळी आला

किल्ली नीट झाल्यावर मी हौसेने एस्क्यूलाइटचं फुल टेक्स्ट सर्च, एफटीएस५, बसवलं. लगेच काकांची नवी तक्रार: “काळे टाकलं की कोळी येतोय. मोरे टाकलं की मीरा.”

यात किल्लीचा दोष नाही. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, युनिकोड६१, मजकुराचे शब्द पाडताना फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे ‘अक्षर’ नाहीत, ‘चिन्ह’ आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. ‘काळे’चे तुकडे क आणि ळ. ‘कोळी’चेही क आणि ळ. ‘मोरे’ म्हणजे म आणि र, ‘मीरा’ म्हणजे म आणि र. मात्रा काढून घेतल्यावर मराठीत ओळखायला उरतं काय?

उपाय सोपा आहे, शोधायलाच वेळ लागतो. टेबल बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज हा पर्याय देता येतो. मूळ यादीत एल, एन आणि सीओ हे वर्ग असतात. त्यात एमएन आणि एमसी हे चिन्हांचे वर्ग वाढवा. बनलेल्या टेबलाचा टोकनायझर बदलता येत नाही, टेबल नवं करून डेटा पुन्हा भरा. नावाच्या मधला तुकडाही सापडायला हवा असेल तर ३.३४ आवृत्तीपासून आलेला ट्रायग्राम टोकनायझर बघा. मात्र तीन कोडपॉइंटपेक्षा लहान शोधाला तो काही देत नाही.

ही ‘चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे’ची भानगड एकदा समजली की ती सगळीकडे दिसायला लागते. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये शब्द शोधायचा पॅटर्न ‘मराठी’वर चालवा, हाती येतं ‘मर’ आणि ‘ठ’. जावास्क्रिप्टमध्ये तोच पॅटर्न देवनागरीला ओळखतच नाही. ऑफिसच्या कामातही ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ छाप तपासण्या नेहमी भेटतात. त्यातून ‘राम’ अडकतो आणि ‘मदन’ सुटतो, कारण मदनला मात्राच नाहीत. अशा ठिकाणी लेटर आणि मार्क या दोन्ही युनिकोड वर्गांना परवानगी द्या, आणि झेडडब्ल्यूजे-झेडडब्ल्यूएनजे या दोन्ही अदृश्य कोडपॉइंटनाही, नाहीतर जुन्या पद्धतीने लिहिलेला गोर्‍हे दारातच अडेल. पायथनसाठी रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते मात्रा शब्दातच धरतं.

नावं कापतानाही हेच. पावतीच्या रुंदीत बसावं म्हणून ‘ज्ञानेश्वर’ आठ कोडपॉइंटवर तोडला तर ‘ज्ञानेश्’ उरतो, पाय मोडलेला. जावास्क्रिप्टमध्ये इंटलचा सेगमेंटर वापरा. युनिकोड १५.१ पासून, म्हणजे २०२३ नंतरच्या नियमांनुसार, तो देवनागरी जोडाक्षर अखंड धरतो. त्याआधीचे ब्राउझर जोडाक्षर मधेच फोडू शकतात.

जुन्या दुबार नोंदींचं काय

किल्ली लागली की दुबार नोंदी एका क्वेरीत समोर येतात: किल्ली सारखी, खोली सारखी. मोह होतो की सगळ्या आपोआप एकत्र करून टाकाव्यात. करू नका. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि नुसतं नाव-आडनाव लिहिलं असेल तर एकाच खोलीत दोन खरेखुरे ‘विष्णू कऱ्हाडे’ निघू शकतात. ॲपने फक्त जोड्या दाखवाव्यात. एकच की दोन, ते काकांनी ठरवावं; त्यांना चाळीतली चारही मजल्यांची माणसं आडनावानिशी पाठ आहेत.

एकत्र करताना पावती क्रमांकांना हात लावू नका. पावती दिलेली असते, प्रत घरी कपाटात असते, हिशोब तपासणीला गेलेला असतो. दोन नोंदी एक झाल्या तरी दोन्हींच्या पावत्या आपापल्या क्रमांकाने त्या एका माणसाखाली याव्यात. उडवलेली नोंद पुसू नका, तिच्यावर ‘अमुक नोंदीत विलीन’ एवढी खूण ठेवा. चुकून दोन वेगळे माणूस एक झाले तर उलटं फिरवता येतं.

साफसफाई झाल्यावरच किल्ली आणि खोली मिळून युनिक ठेवायची की नाही हे ठरवा. मी ठेवलं नाही. नवी नोंद करताना किल्ली जुळली तर ‘हेच का?’ असं विचारणारी पट्टी येते आणि त्यावर जुनी नोंद दाबली की काम होतं. विष्णू कऱ्हाडे नातवाला वर्गणी भरायची असेल तर ॲपने त्याला दारात अडवू नये.

एवढं करूनही न सापडणारी नावं

उरतात ती माणसांनी खरंच वेगळी लिहिलेली. मीना आणि मिना, सुर्वे आणि सूर्वे, पंडित आणि पण्डित. आणि ज्यांच्या कीबोर्डवर ऱ सापडत नाही ते सरळ ‘गोर्हे’ लिहितात, रफार देऊन. यांना किल्लीत एक करायचा मोह टाळा. मीना आणि मिना या दोन वेगळ्या बायका असू शकतात.

त्यासाठी मी दुसरी, ढिली किल्ली ठेवली आहे: ह्रस्व-दीर्घ एक, ऱ आणि र एक, अनुस्वार आणि परसवर्ण एक. ती फक्त तेव्हाच वापरायची जेव्हा पहिल्या किल्लीने काहीच मिळालं नाही, आणि निकालावर ठळक लिहायचं, ‘नेमकं सापडलं नाही, जवळची नावं’. हे न लिहिता दोन्ही निकाल मिसळून दाखवले तर घाईत चुकीच्या माणसाच्या नावावर पावती फाटते.

चाचणीसाठी माझ्याकडे एक फाइल आहे. तिच्यात तिन्ही गोऱ्हे, चारही अँटॉप हिल, काळे-कोळी, मोरे-मीरा, दर्या-दऱ्या, कोलनवाला दु:ख आणि देवनागरी-इंग्रजी आकड्यांचे खोली क्रमांक आहेत. कोणते जुळायलाच हवेत आणि कोणते जुळता कामा नयेत, दोन्ही लिहिलेलं. ही फाइल एडिटरमध्ये हाताने बदलताना जपा: काही एडिटर आणि फॉरमॅटर साठवताना अदृश्य कोडपॉइंट काढून टाकतात, आणि मग तिन्ही गोऱ्हे सारखेच होऊन चाचणी दिमाखात पास होते. म्हणून चाचणीत अक्षरं थेट न लिहिता त्यांचे कोडपॉइंट क्रमांकच लिहा.